अल्बमबाहेरचं गाणं पहिलं कसं आलं?

१९९६ साली पेव्हमेंट नावाचा अमेरिकन बँड आपल्या चौथ्या अल्बमच्या रेकॉर्डिंगसाठी उत्तर कॅरोलायनात मिच ईस्टर यांच्या स्टुडिओत गेला. गाणी गरजेपेक्षा जास्त झाली. 'ब्रायटन द कॉर्नर्स' या अल्बमवर बारा गाणी गेली आणि उरलेली बाजूला पडली. त्यातच होतं 'हार्नेस युअर होप्स'. साडेतीन मिनिटांच्या आतबाहेरचं हे गाणं. गिटारची एकच गमतीदार सुरावट पुन्हा पुन्हा येते आणि तिच्यावर यमकामागून यमक नुसतं कोसळत राहतं. गायक स्टीफन माल्कमस ते इतक्या सहज म्हणतो की शब्द त्याला त्याच क्षणी सुचताहेत असं वाटावं.

गाणं तीन वर्षं पडून राहिलं. १९९९ मध्ये ते एका ईपीवर, म्हणजे मोजक्या गाण्यांच्या छोट्या रेकॉर्डवर, दुसऱ्याच गाण्याच्या पाठीशी बांधून बाहेर आलं आणि त्याच वर्षी बँड मोडला. २०१० साली बँड पुन्हा एकत्र आला तेव्हा निवडक गाण्यांचा एक संग्रह निघाला, 'क्वारंटाइन द पास्ट'. त्यात तेवीस गाणी होती. 'हार्नेस युअर होप्स' त्या तेविसांतही नव्हतं.

आज स्पॉटिफायवर पेव्हमेंटचं नाव शोधलं तर सर्वांत वर हेच गाणं दिसतं. दहा कोटींहून जास्त वेळा ते वाजलं आहे. बँडच्या ज्या गाण्यांचे व्हिडिओ निघाले, जी रेडिओवर लागली, ज्यांच्यावर समीक्षकांनी पानंच्या पानं लिहिली, ती सगळी त्याच्या बरीच मागे आहेत. वर येण्याआधी त्याला ना प्रसिद्धी मिळाली होती, ना व्हिडिओ, आणि बँडच्या सगळ्यात निष्ठावान चाहत्यांच्या याद्यांमध्येही पहिल्या दहात क्वचितच जागा. मग हे गाणं पहिलं कोणी केलं? या प्रश्नाच्या मागे लागलं की आपल्याला काय आवडतं, ते कसं ठरतं आणि आवडीचा क्रम लावणं म्हणजे नेमकं काय, याचं एक भलतंच मोठं दालन उघडतं.

आधी बँडविषयी थोडं. कॅलिफोर्नियातल्या स्टॉकटन या शेतीच्या पट्ट्यातल्या शहरात १९८९ साली स्टीफन माल्कमस आणि स्कॉट कॅनबर्ग या दोन मित्रांनी पेव्हमेंट सुरू केला. सुरुवातीची रेकॉर्डिंग गॅरी यंग या त्यांच्याहून बऱ्याच मोठ्या ढोलकऱ्याच्या घरच्या स्टुडिओत झाली. हा गॅरी कार्यक्रमात मध्येच हातांवर उभा राही आणि येणाऱ्या प्रेक्षकांच्या हातात भाज्या देई. मोठ्या कंपन्यांच्या दावणीला न जाता छोट्या लेबलांवर गाणी काढणाऱ्या बँडना इंडी म्हणतात. पेव्हमेंट हा नव्वदच्या दशकातल्या इंडीचा जणू मानबिंदू. 'स्लँटेड अँड एन्चँटेड' हा पहिला अल्बम मॅटाडोर या लेबलने १९९२ मध्ये काढला, पण त्याआधी कितीतरी दिवस त्याच्या कॅसेटच्या प्रती हातोहात फिरत होत्या. पुढे १९९४, १९९५, १९९७ आणि १९९९ असे आणखी चार अल्बम आले. एवढाच संसार. पाच अल्बम, काही ईपी, आणि बाजूला पडलेल्या गाण्यांचा मोठा ढीग.

चाहत्यांच्या वादाला हा संसार अगदी मापाचा आहे. गाणी इतकी थोडी नाहीत की वाद लगेच संपावा आणि इतकी जास्तही नाहीत की सगळी कोणी ऐकलेलीच नसावीत. त्यामुळे पेव्हमेंटचे दोन चाहते भेटले की पहिल्या पाच मिनिटांत बाजू ठरतात. एका पक्षाला पहिल्या अल्बमची खरखर हवी असते. गॅरी बँडमधून गेला, आवाज स्वच्छ झाला आणि काहीतरी हरवलं, असं त्यांचं ठाम मत. दुसरा पक्ष १९९४ च्या 'क्रुकेड रेन, क्रुकेड रेन'चा. त्यात 'कट युअर हेअर' आहे, त्यांचं रेडिओवर चाललेलं सगळ्यात मोठं गाणं. त्यातच 'गोल्ड साउंड्झ' आहे. तिसरा पक्ष हट्टी लोकांचा. हे १९९५ च्या 'वावी झावी'चे. अठरा गाण्यांचा हा पसरट अल्बम आला तेव्हा समीक्षक गोंधळले होते. आता मात्र पेव्हमेंटच्या जुन्या चाहत्यांशी बोलायला बसलात तर निम्म्यांचा जीव याच अल्बमात अडकलेला सापडेल. आणि शेवटचा 'टेरर ट्वायलाइट'? तो यादीत तळाशी टाकायचा आणि मग त्यातल्या एखाद्या गाण्यासाठी जिवाच्या आकांताने भांडायचं, ही रीतच आहे.

मी तिसऱ्या पक्षातला. 'वावी झावी'वरचं 'ग्राउंडेड' हे माझ्या मते या बँडचं सर्वोत्तम गाणं. सुरुवातीला दोन गिटार घंटेसारख्या एकमेकींना उत्तर देत राहतात, मग आवाज हळूहळू इतका भरत जातो की खोलीतली हवा जड वाटू लागते. हे गाणं खरं तर १९९४ च्या अल्बमच्या वेळीच रेकॉर्ड झालं होतं. तो जुना खर्डा २००४ च्या पुनर्प्रकाशनात ऐकायला मिळतो. दोन्ही शेजारी ठेवून ऐका, एका वर्षाने गाण्याला काय दिलं ते कळतं. खर्ड्यात चाल तीच आहे, पण दोन गिटारांमधली जागा नाही. ती जागा हेच गाणं आहे, असं मला वाटतं.

हे असं म्हणणं, म्हणजे नुसतं आवडतं न म्हणता तिथली ती जागा दाखवणं, हाच चाहत्यांच्या वादाचा खरा ऐवज. क्रमांक हे निमित्त. समोरचा म्हणतो, 'ग्राउंडेड' पहिलं कसं, सहावं असायला हवं. मग तुम्हाला त्याचं कारण द्यावं लागतं, आणि ते देण्यासाठी गाणं पुन्हा ऐकावं लागतं. मुंबईत रेकॉर्ड होऊन कोलंबोहून वाजणारी, हिंदी गाण्यांचा क्रम लावणारी अमीन सयानींची 'बिनाका गीतमाला' ज्या घरांत ऐकली गेली, तिथल्या माणसांना हे समजावून सांगायला नको. आपलं गाणं दोन पायऱ्या खाली आलं तर त्या घरांत जेवणाच्या ताटावर चर्चा होई.

पण सगळ्यांच्या मतांची गोळाबेरीज करायला गेलं की विचित्र गोष्टी घडू लागतात. तीन मित्र घ्या आणि तीन गाणी: 'गोल्ड साउंड्झ', 'ग्राउंडेड' आणि पहिल्या अल्बमवरचं संथ, उदास 'हिअर'. पहिल्या मित्राचा क्रम: गोल्ड साउंड्झ, ग्राउंडेड, हिअर. दुसऱ्याचा: ग्राउंडेड, हिअर, गोल्ड साउंड्झ. तिसऱ्याचा: हिअर, गोल्ड साउंड्झ, ग्राउंडेड. तिघांचीही मतं स्वच्छ आहेत, कोणाच्या मनात गोंधळ नाही. आता दोन-दोन गाण्यांची लढत लावू. 'गोल्ड साउंड्झ' विरुद्ध 'ग्राउंडेड': पहिला आणि तिसरा मित्र 'गोल्ड साउंड्झ'च्या बाजूने, म्हणजे ते जिंकलं. 'ग्राउंडेड' विरुद्ध 'हिअर': पहिला आणि दुसरा 'ग्राउंडेड'च्या बाजूने. म्हणजे 'गोल्ड साउंड्झ' मोठं 'ग्राउंडेड'हून, 'ग्राउंडेड' मोठं 'हिअर'हून. तर मग 'गोल्ड साउंड्झ' 'हिअर'ला सहज हरवणार? मोजून पाहा. दुसरा आणि तिसरा मित्र 'हिअर'ला वर ठेवतात. 'हिअर' जिंकतं, दोन विरुद्ध एक!

तीन गाणी वर्तुळात उभी आहेत आणि प्रत्येक गाणं पुढच्याला हरवतं आहे. या तिघांचं मिळून सर्वांत आवडतं गाणं असं काही नाहीच. फ्रेंच गणिती काँदोर्से यांनी १७८५ मध्ये ही गोष्ट निवडणुकांच्या संदर्भात मांडली. १९५१ साली केनेथ ॲरो या अर्थशास्त्रज्ञाने पुढे सिद्ध केलं की पर्याय तीन किंवा जास्त असले की अनेकांच्या क्रमांतून एक क्रम काढण्याची, न्याय्यपणाच्या काही साध्या अटी सगळ्याच पाळणारी, कोणतीही पद्धत असू शकत नाही. या कामाचा वाटा त्याच्या पुढच्या नोबेलमध्येही आहे. मला यातली खरी नवलाची गोष्ट ही वाटते की चाहत्यांचा वाद वर्षानुवर्षं मिटत नाही, आणि तो न मिटण्यात कोणाचाच दोष नसू शकतो. सगळे शहाणे, सगळे प्रामाणिक, तरीही उत्तर नाही.

उत्तर काढायचंच म्हटलं तर ते मोजण्याच्या पद्धतीवर ठरतं. प्रत्येकाकडून फक्त एक गाणं मागवा, मग 'कट युअर हेअर'सारखं सगळ्यांना ठाऊक असलेलं गाणं पुढे जाण्याची शक्यता मोठी, भले उरलेल्या बहुसंख्यांनी ते खाली ठेवलेलं असो. प्रत्येकाकडून दहा गाणी घेऊन पहिल्याला दहा गुण, दुसऱ्याला नऊ असं करत गेलात, तर कोणाचंच पहिलं नसलेलं पण सगळ्यांचं तिसरं असलेलं गाणं शांतपणे वर चढतं. बीबीसी रेडिओ वनवर निवेदक जॉन पील वर्षाच्या शेवटी 'फेस्टिव्ह फिफ्टी' ही यादी वाजवत, तेव्हा श्रोत्यांकडून तीन-तीन गाणी मागवत. १९७६ ला ही यादी आतापर्यंतच्या सर्व गाण्यांमधून निवडायची होती आणि लेड झेपेलिनचं 'स्टेअरवे टू हेवन' पहिलं आलं. दोन वर्षांत पंकची लाट आली आणि १९७८ च्या यादीत सेक्स पिस्टल्सचं 'अनार्की इन द यूके' पहिलं. प्रश्न तोच होता. मधल्या दोन वर्षांत जुन्या गाण्यांचा एक सूरही बदलला नव्हता.

समीक्षकांच्या याद्याही अशाच हलतात. २०१० मध्ये पिचफोर्क या संगीतविषयक प्रकाशनाने नव्वदच्या दशकातलं सर्वोत्तम गाणं म्हणून 'गोल्ड साउंड्झ'ची निवड केली, म्हणजे साऱ्या दशकात पेव्हमेंट पहिला! २०२२ मध्ये त्यांनीच ती यादी नव्याने केली, तेव्हा पहिलं स्थान मरायाह कॅरीच्या 'फँटसी'च्या रीमिक्सला मिळालं. बारा वर्षांत यादी करणारी माणसं बदलली, आणि कोणत्या संगीताला मानाचं पान द्यायचं याची समजही रुंद झाली. मला हा बदल योग्य वाटतो, जरी माझा बँड त्यात खाली गेला.

आता पुन्हा स्पॉटिफायकडे, म्हणजे स्वतःहून गाणी निवडणाऱ्या यंत्राकडे. 'हार्नेस युअर होप्स'चं कोडं सुटायला सगळ्यात जवळचा धागा दुसऱ्याच एका बँडकडून मिळाला. गॅलक्सी ५०० हा बॉस्टनच्या परिसरातला तिघांचा बँड १९८७ ते १९९१ एवढाच टिकला. त्यांचा ढोलकरी डेमन क्रुकोव्स्की स्ट्रीमिंगच्या अर्थकारणावर बारकाईने लिहितो. त्याच्या लक्षात आलं की 'स्ट्रेंज' हे त्यांचं एक गाणं स्पॉटिफायवर बाकीच्यांपेक्षा फार पुढे गेलं आहे. ते कधी सिंगल म्हणून निघालं नव्हतं आणि त्याला वेगळं असं काही घडलंही नव्हतं. त्याने हे उघडपणे लिहिलं. स्पॉटिफायमधल्या ग्लेन मॅकडॉनल्ड या विश्लेषकाने आकडे खणून काढले, तेव्हा हे गाणं जानेवारी २०१७ पासून बाकीच्यांपासून सुटून वर जाऊ लागल्याचं दिसलं. त्याच सुमारास ॲपमध्ये एक छोटा बदल झाला होता. तुम्ही लावलेला अल्बम किंवा यादी संपली की ॲपने स्वतःहून मिळतंजुळतं पुढचं गाणं लावायचं, ही सोय आधी बंद असे आणि हवी त्याने चालू करायची असे. आता ती सुरुवातीपासूनच चालू झाली.

पण यंत्राने 'स्ट्रेंज'च का उचललं? कारण गॅलक्सी ५०० च्या सगळ्या गाण्यांत तेच इतर बँडच्या गाण्यांशी जास्तीत जास्त जुळणारं होतं. कोणीतरी दुसऱ्याच बँडचा अल्बम ऐकत असतो, तो संपतो, आणि ऐकणाऱ्याला खटकणार नाही असं काहीतरी यंत्राला हवं असतं. त्या जागी नीट बसणारं गाणं पुन्हा पुन्हा लागतं. 'हार्नेस युअर होप्स'च्या बाबतीतही बहुतेकांचं बोट याच सोयीकडे जातं, आणि गाणं ऐकलं की ते पटतं. आकर्षक गिटार, ठाम ठेका, हसरा गायक: नव्वदच्या दशकातल्या इतर कोणत्याही गिटार-बँडनंतर ते लावा, सांधा जाणवत नाही.

इथे मला या सगळ्या प्रकरणाचा गाभा सापडतो. यंत्राच्या यादीत वर येतं ते इतरांशी सहज मिसळून जाणारं गाणं. चाहत्यांच्या वादात वर येतं ते दुसऱ्या कोणाला करताच आलं नसतं असं गाणं. 'ग्राउंडेड' किंवा 'हिअर' दुसऱ्या बँडच्या गाण्यानंतर अचानक लागलं तर खोलीतलं वातावरणच बदलून जाईल. म्हणून यंत्र त्यांना बिचकतं, आणि नेमकी तीच गोष्ट चाहत्याला पहिल्या क्रमांकासाठी पुरेशी वाटते. दोघेही क्रम लावताहेत, पण मोजताहेत वेगवेगळ्या गोष्टी.

एकदा आकडा वर गेला की पुढचं काम आकडाच करतो. २००६ मध्ये मॅथ्यू सॅल्गॅनिक, पीटर डॉड्स आणि डंकन वॉट्स यांनी 'सायन्स' या नियतकालिकात एक प्रयोग प्रसिद्ध केला. अनोळखी बँडची ४८ गाणी त्यांनी एका ठिकाणी ठेवली. १४,३४१ लोक आले, ऐकून गेले, आवडलेली गाणी उतरवून घेऊन गेले. काहींना फक्त गाण्यांची आणि बँडची नावं दिसत होती. बाकीच्यांना आठ वेगवेगळ्या 'जगां'त वाटलं होतं. त्यांना आपल्या जगातल्या आधीच्या लोकांनी कोणतं गाणं किती वेळा घेतलं, तो आकडाही दिसत होता. आठही जगांची सुरुवात शून्यापासून झाली, गाणी तीच. तरीही प्रत्येक जगात वेगळीच गाणी गाजली. 'लॉकडाउन' नावाचं एक गाणं, जिथे आकडे दिसत नव्हते तिथे २६ वं होतं. एका जगात ते पहिलं आलं आणि दुसऱ्यात चाळिसावं. गाणी लोकप्रियतेच्या क्रमाने लावून दाखवली तेव्हा वरच्या आणि खालच्या गाण्यांमधली दरी आणखी वाढली.

हा प्रयोग वाचला की कोणत्याही यादीकडे पूर्वीसारखं पाहता येत नाही. ॲपवर बँडचं नाव दाबलं की वरची पाच गाणी क्रमाने समोर येतात. नवा श्रोता पहिलं दाबतो, आकडा वाढतो, पुढच्या श्रोत्याला तेच पहिलं दिसतं. पण याच प्रयोगाची दुसरी बाजूही आहे आणि ती मला तितकीच महत्त्वाची वाटते: एकट्याने ऐकणाऱ्यांना जी गाणी सगळ्यात चांगली वाटली ती कोणत्याच जगात सहसा तळाला गेली नाहीत, आणि सगळ्यात वाईट ठरलेली सहसा वर आली नाहीत. नशिबाचा खेळ मोठा आहे, पण तो मधल्या मैदानात चालतो. 'हार्नेस युअर होप्स' वर जाऊ शकलं, कारण मुळात गाणं उत्तम आहे. यंत्राने त्याला रस्त्यावर आणून सोडलं. टिकटॉकवर तरुण मुलं त्यावर नाचली, ती मात्र स्वतःच्या हौसेने.

क्रमाची ताकद अल्बमच्या आतही चालते, आणि तिथे तर ती आणखी सूक्ष्म आहे. 'टेरर ट्वायलाइट' हा शेवटचा अल्बम नायजेल गॉड्रिच याने निर्मिला, रेडिओहेडबरोबर काम करणारा हाच तो. त्याने गाण्यांचा एक क्रम सुचवला होता, बँडने दुसरा निवडला. १९९९ मध्ये अल्बम आला तो 'स्पिट ऑन अ स्ट्रेंजर' या मऊ, गोड गाण्याने सुरू होणारा. २०२२ मध्ये ४५ गाण्यांची विस्तारित आवृत्ती निघाली, तिच्या रेकॉर्डवर गॉड्रिचचा मूळ क्रम होता. त्यात सुरुवात 'प्लॅटफॉर्म ब्लूज'ने होते, वाकडंतिकडं, धक्के देणारं गाणं, आणि 'स्पिट ऑन अ स्ट्रेंजर' जातं शेवटी. गाणी तीच, पण पहिल्या क्रमात हा बँड थकून शांत झाल्यासारखा वाटतो आणि दुसऱ्यात अजून शोधात असल्यासारखा. वर्षानुवर्षं या अल्बमला पाचव्या जागेवर बसवणाऱ्या कितीतरी चाहत्यांनी नवा क्रम ऐकून वाद पुन्हा काढला. मीसुद्धा त्याला आता 'ब्रायटन द कॉर्नर्स'च्या वर ठेवतो.

बँडने स्वतः या सगळ्याला कसं उत्तर दिलं? २०२२ मध्ये पेव्हमेंट पुन्हा दौऱ्यावर निघाला तेव्हा त्यांनी जुन्या गाण्यांचा मोठा साठा तयार ठेवला होता आणि यादी कार्यक्रमागणिक बदलत होती. एकच ठरीव क्रम घेऊन गावोगाव फिरणाऱ्या बँडच्या काळात हे चाहत्यांना मिळालेलं मोठं दान होतं. 'हार्नेस युअर होप्स' आता त्या यादीतलं हक्काचं गाणं होतं. त्याच वर्षी दिग्दर्शक ॲलेक्स रॉस पेरी याने त्या गाण्याचा व्हिडिओ केला. सोफी थॅचर ही तरुण अभिनेत्री त्यात पेव्हमेंटच्या जुन्या व्हिडिओंमध्ये शिरत जाते. १९९९ मध्ये ज्याला व्हिडिओ मिळाला नाही, त्या गाण्याचा हा असा उशिराचा प्रवेश.

आता बँडच्या कार्यक्रमांत दोन पिढ्या शेजारी उभ्या असतात. एकीने पेव्हमेंट कॅसेटवर ऐकला, दुसरीला तो यंत्राने ऐकवला. दुसऱ्या पिढीच्या यादीत 'हार्नेस युअर होप्स' पहिलं असतं आणि ते कुठल्याच मूळ अल्बमवर नाही हे कळल्यावर त्या मुलांना खरंच आश्चर्य वाटतं. मग ती बाजूला पडलेल्या गाण्यांचा तो मोठा ढीग उपसू लागतात आणि तिथून अशी गाणी काढून आणतात, जी आम्ही जुन्यांनी कधी नीट ऐकलीच नव्हती. त्यांच्याशी 'ग्राउंडेड'वरून भांडायला मला फार आवडतं. तुम्हाला यात उतरायचं असेल तर आधी 'हार्नेस युअर होप्स' ऐका, लगेच 'हिअर' आणि मग 'ग्राउंडेड'. ॲपची आपोआप पुढचं लावायची सोय तेवढ्यापुरती बंद ठेवा.